राजाचे घर

विश्रांतवाडीकडून पुण्याच्या जुन्या पेठांत आले म्हणजे शुक्रवार पेठेत एक वास्तू लागते. ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ हे तिचे नाव. ते वाचून पुष्कळांना वाटते, की हे कोणी संस्थानिक असावेत. परंतु राजा ही येथे पदवी नव्हे. ते एका लहान मुलाचे नाव आहे. त्यापुढे आपल्या रीतीप्रमाणे वडिलांचे नाव आणि आडनाव आले आहे, इतकेच.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. पुण्यात त्यांच्या घराण्याचे चष्म्यांचे दुकान होते. ते पाहून त्यांनी संसार चालविला. लोक त्यांना प्रेमाने ‘काका’ म्हणत. वृत्तीने ते कवी होते व ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा छंद जडला.

या दांपत्याचा एकुलता एक मुलगा राजा बालपणीच वारला. घरात मूल नाहीसे झाले म्हणजे त्याची खेळणी, त्याचे कपडे यांकडे पाहणेही आईबापांना अवघड होते. काकांनी मात्र वस्तूंकडे पाठ फिरविली नाही. त्यांनी आपला सारा संग्रह राजाच्या स्मृतीस वाहिला आणि पुढची कित्येक वर्षे त्यात भर घातली. पत्नी कमलाबाई यांची त्यांना मनापासून साथ होती.

त्यांनी जमविले तरी काय? सोन्याचे मुकुट नव्हेत. लामणदिवे, समया, कुलपे, दौती, फण्या, शेवयांचे साचे, नारळ खवण्याच्या खवण्या, कोरीव दारे! एक अडकित्ताच घ्या. सुपारी कातरण्यास दोन पाती पुरेत. पण कोणा कारागिराने त्यांना पोपटाचा, तर कोणी घोडेस्वाराचा आकार दिला. टाच घासण्याच्या वज्रीचा खालचा भाग खरखरीत, आणि वर मात्र डौलदार मोर बसलेला! या कारागिरांपैकी बहुतेकांची नावे कोणास ठाऊक नाहीत. त्यांची कदर एका ‘अज्ञातवासी’ कवीने करावी, हा योग मोठा गमतीचा.

त्या काळी अशा वस्तू झपाट्याने नाहीशा होत होत्या. विजेचे दिवे आले, तसे समईचे काम देवघरापुरते उरले. स्वस्त, हलकी भांडी बाजारात आली आणि पितळेची जुनी भांडी मोडीत निघाली. एकदा का ती भट्टीत वितळली, की त्यांवरची नक्षी कायमची गेली. वाडे पाडले जात, तेव्हा त्यांच्या कोरीव चौकटींचे सरपण होई. म्हणून काका खेड्यापाड्यांतून व परप्रांतांतून हिंडत आणि जे वाचविता येईल ते घरी आणीत. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणविले; ते जुळवून उभारलेला महाल संग्रहालयात पाहावयास मिळतो.

१९६२ साली संग्रहालयाची रीतसर स्थापना झाली. १९७५ साली काकांनी तो अमोल ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आयुष्याची सारी मिळकत अशी देऊन टाकणे सोपे नसते. आज तेथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांपैकी सुमारे अडीच हजारच मांडता येतात.

काका १७ एप्रिल १९९० रोजी वारले. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याण्णव वर्षांचे होते. पाटीवर पहिले नाव राजाचेच आहे.