हे नाव कोणाचे, सत्ता कोणाची?

वाचनपाठ : मत्तय 22:15-22, उत्पत्ती 1:26-27

1910 साली अलाहाबाद येथे स्थापन झालेल्या भारतीय मुद्रा परिषदेचे कार्यालय वाराणसीस, काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात आहे. त्या नगरीत नाणेसंग्राहकांच्या अधिवेशनास आपण सहकुटुंब गेलात, तर बनारस टांकसाळीचा जुना रुपया मुलांना अवश्य दाखवा. 1775 साली बनारस ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. तरी पुढे कित्येक वर्षे तेथील रुपयावर नाव उमटत राहिले ते मोगल बादशहा दुसऱ्या शाह आलमचे. नाव एकाचे, सत्ता दुसऱ्याची!

प्रभूनेही कराचे नाणे मागितले, तेव्हा त्याच्यापुढे दीनार आणण्यात आला. तिबिर्य कैसराच्या दीनारावर त्याची मुखाकृती असे व तो दैवी औगुस्ताचा पुत्र असल्याचा लेख असे. त्या आकृतीसाठी शुभवर्तमानात ‘ऐकोन’ हा ग्रीक शब्द आहे. उत्पत्तीच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केले असे सांगताना तोच शब्द येतो. मराठीत नाण्यावरची ती मुद्रा आणि मनुष्य ते प्रतिरूप. त्यामुळे भाषांतरकाराच्या हातून हा धागा निसटतो. तो जोडला म्हणजे प्रभूच्या उत्तराचा रोख उमगतो : नाणे कैसराचे, परंतु मनुष्य देवाचा.

आपण त्या बनारसी रुपयासारखे तर नाही ना? नाव ख्रिस्ताचे, सत्ता मात्र पैशाची वा मानाची? रुपयाला आपला धनी निवडता येत नाही, आपल्याला येतो. आज कौटुंबिक उपासनेत हा प्रश्न प्रथम वडीलधाऱ्यांनी स्वतःस विचारावा.