प्रयोजक आणि कर्मणी यांचा संधी : इंग्रजीतील 'हॅव-गेट' रचना आणि मराठीतील 'करवून घेणे'

१. प्रास्ताविक

'कोलू पाटलांनी नवेगावचा बांध बांधला' हे वाक्य पूर्व विदर्भातील मराठी भाषकाला कोठेही खटकत नाही. नवेगाव बांध हा विस्तीर्ण तलाव १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडारा जिल्ह्यात होता. त्याच्या बांधणीचे श्रेय लोकपरंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते. तळी बांधण्यात निष्णात असा कोहळी समाजाचा लौकिक असून इंग्रजी अमदानीतील नोंदींनीही त्याची दखल घेतली आहे. मात्र हेच वाक्य इंग्रजीत नेताना पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी अडखळतो. कोलू पाटलांनी तलाव 'बिल्ट' असे म्हणावे, की 'हॅड बिल्ट', म्हणजे बांधवून घेतला, असे म्हणावे?

इंग्रजी व्याकरणाच्या अध्यापनात 'क्रिया दुसऱ्याने केली असेल तर हॅव किंवा गेट वापरावे' असा सुटसुटीत नियम सांगितला जातो. हा नियम परीक्षेपुरता उपयोगी असला तरी अपुरा आहे. प्रस्तुत लेखात इंग्रजीतील ही प्रयोजक-कर्मणी रचना आणि तिच्याशी समांतर असलेली मराठीतील रूपे यांची तुलना केली आहे. क्रिया कोणी करविली, कोणी केली आणि ती कोणासाठी झाली, या तीन प्रश्नांची उत्तरे दोन्ही भाषा वेगवेगळ्या ठिकाणी नोंदवितात. विद्यार्थ्याच्या चुकांचे मूळ या वेगळेपणात आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. इंग्रजी रचनेचे स्वरूप

इंग्रजीत प्रयोजकाचा अर्थ धातूला प्रत्यय लावून नव्हे, तर स्वतंत्र क्रियापदाच्या साह्याने व्यक्त होतो. 'आय हॅड द कार्पेंटर मेक अ स्टूल' या वाक्यात करविणारा आणि करणारा असे दोघेही दिसतात. 'आय हॅड अ स्टूल मेड' या वाक्यात मात्र कर्म पुढे येते, त्यानंतर भूतकाळवाचक धातुसाधित येते आणि सुतार वाक्यातून नाहीसा होतो. त्याला आणावयाचेच असेल तर 'बाय द कार्पेंटर' अशी जोड द्यावी लागते. पहिली रचना प्रयोजक-कर्तरी, तर दुसरी प्रयोजक-कर्मणी होय. करविणारा दोन्हींत कायम असून करणाऱ्याचे स्थान तेवढे बदलते.

येथे शब्दक्रम निर्णायक ठरतो. 'आय हॅड कट माय हेअर' म्हणजे 'मी (स्वतःच) केस कापले होते', तर 'आय हॅड माय हेअर कट' म्हणजे 'मी केस कापून घेतले'. दोन्ही वाक्यांतील शब्द तेच आहेत. केवळ कर्माच्या जागेने अर्थ बदलतो. विभक्तिप्रत्ययांच्या बळावर शब्दक्रमाची बरीच मोकळीक घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ही बाब सहजी जाणवत नाही.

'हॅव' आणि 'गेट' यांत सूक्ष्म भेद आहे. 'हॅव' नेहमीच्या व्यवस्थेतून झालेले काम सुचवितो. 'गेट' अधिक बोलीतला असून त्यात खटपटीची छटा येऊ शकते. सक्तीसाठी 'मेक' येतो आणि त्याचे कर्मणी रूप 'ही वॉज मेड टू साइन', म्हणजे 'त्याला सही करावयास लावण्यात आले', असे होते. या अर्थाच्या 'हॅव'चे असे कर्मणी रूप होत नाही. सर्व प्रयोजक क्रियापदांना एकाच साच्यात बसविणारे तक्ते येथे दिशाभूल करतात.

३. मराठीतील व्यवस्था

मराठीत प्रयोजकाचे मुख्य साधन 'व' हा प्रत्यय होय : करणे-करविणे, बसणे-बसविणे, हसणे-हसविणे. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे अशा जोड्यांत धातूचा स्वर बदलूनही हे कार्य साधते. संस्कृत व्याकरणपरंपरेने करविणाऱ्याला प्रयोजक कर्ता आणि करणाऱ्याला प्रयोज्य कर्ता म्हटले. दोघांनाही 'कर्ता' ही संज्ञा देणारी ही दृष्टी महत्त्वाची आहे. कारण तीत करणाऱ्याचे कर्तेपण नाकारलेले नाही.

परंतु 'व' प्रत्यय असला म्हणजे दोन कर्ते असतातच असे नाही. 'कासाराने परात घडविली' या वाक्यात प्रत्यय आहे, तरीही परात कासाराने स्वतःच्या हातांनीच तयार केली आहे. 'घडणे' हे अकर्मक क्रियापद प्रत्ययामुळे येथे केवळ सकर्मक झाले. दुसऱ्याकडून करविण्याचा अर्थ आणण्यासाठी 'कासाराकडून परात घडवून घेतली' असे म्हणावे लागते. याउलट 'गुरुजींनी मुलांकडून पाढे पाठ करून घेतले' या वाक्यात 'व' नाही, तरीही प्रयोजकाचा अर्थ पूर्ण आहे. तेव्हा आजच्या मराठीत 'कडून' आणि 'घेणे' हे दोन घटक प्रयोजकाचा बराच भार वाहतात. त्यांतील 'घेणे' क्रियेचे फळ करविणाऱ्याकडे वळविते. 'करवून घेणे' आणि 'करवून देणे' यांतील फरक हा या फलाच्या दिशेचा आहे. ही दिशा इंग्रजी 'हॅव'च्या रूपात दिसत नाही, ती संदर्भावरून कळते.

यात आणखी दोन गुंतागुंती आहेत. 'व' हाच प्रत्यय शक्य क्रियापदातही येतो : 'मला आता चालवत नाही' येथे चालविणारा दुसरा कोणी नसून चालण्याची असमर्थता व्यक्त झाली आहे. तसेच 'कडून' हे शब्दयोगी अव्यय प्रयोजक रचनेत ('सुताराकडून पाट करवून घेतला') आणि नवीन कर्मणी रचनेत ('सुताराकडून पाट केला गेला') अशा दोन्ही ठिकाणी येते. पहिल्या वाक्यात सुतारामागे कोणीतरी उभा आहे, दुसऱ्यात तो नाही. विद्यार्थी दोन्हींचे भाषांतर 'द स्टूल वॉज मेड बाय द कार्पेंटर' असेच करतो आणि करविणारा गळून पडतो.

सर्वांत महत्त्वाची बाब अशी की मराठीत पुष्कळदा यांपैकी कोणत्याही साधनाची गरज पडत नाही. 'मी काल केस कापले', 'त्याने नवा सदरा शिवला', 'आईने डोळ्यांचे ऑपरेशन केले' ही वाक्ये बोलण्यात सर्रास येतात. नाभिक, शिंपी किंवा शल्यचिकित्सक तेथे गृहीतच असतो. मराठी साध्या क्रियापदावर जे सोपविते ते इंग्रजी रचनेतून सांगते. त्यामुळे यांपैकी शेवटच्या वाक्याचे शब्दशः भाषांतर करणारा विद्यार्थी आईच्या हाती शस्त्र देऊन मोकळा होतो.

४. एक प्राचीन साक्ष

प्रयोजक-कर्मणी रचना मराठीला इंग्रजीच्या सहवासाने मिळाली, असा समज असल्यास तो दूर करणारी साक्ष कर्नाटकातील श्रवणबेळगोळ येथे आहे. गोमटेश्वराच्या मूर्तीपाशी कोरलेल्या मराठी लेखात चावुण्डराय आणि गंगराज यांच्या कार्याची नोंद असून दोन्ही ओळींचे क्रियापद 'करविणे' याच धातूचे आहे. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची, तर गंगराजाचे काम बाराव्या शतकाच्या आरंभीचे. मराठी ओळी नेमक्या केव्हा कोरल्या गेल्या याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काळ कोणताही स्वीकारला तरी मराठीच्या आद्य लेखनात या रचनेला स्थान आहे, हे निश्चित.

व्याकरणदृष्ट्या या लेखाचे वैशिष्ट्य शेजारच्या कन्नड आणि तमिळ ओळींशी तुलना केल्यावर उठून दिसते. त्या दोन्ही भाषांत क्रियापद प्रयोजकच आहे. पण करविणारा प्रथमेत असून क्रियापद त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. मराठीत मात्र 'चावुण्डराजें' ही तृतीया आहे आणि 'करवियलें' हे रूप नपुंसकलिंगी आहे, म्हणजे ते करविणाऱ्याप्रमाणे चालत नाही. तीन भाषांत एकच आशय कोरला गेला; त्यांपैकी मराठीने तो प्रयोजक-कर्मणीत मांडला. 'राजाने मंदिर बांधविले' या आजच्या वाक्याचा सांगाडा तोच आहे. या ओळींत करविणारे आहेत. छिन्नी चालविणाऱ्याचे नाव मात्र त्यांत नाही. प्रयोज्य कर्त्याला वगळण्याची सोय ही या रचनेची शक्ती आहे आणि तिची मर्यादाही तीच आहे.

५. अध्यापनाची दिशा

भंडारा जिल्ह्याची उत्तर सीमा मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याला भिडलेली आहे. येथील विद्यार्थ्याच्या घरी झाडीबोली असली तरी हिंदी त्याच्या कानावरून नित्य जाते. हिंदीत 'बनना-बनाना-बनवाना' अशा तीन पायऱ्या स्पष्ट आहेत आणि केस नाभिकाकडून कापून घेतल्यास 'बाल कटवाए' असेच म्हटले जाते. मराठीतील 'केस कापले' आणि इंग्रजीतील 'हॅड माय हेअर कट' यांच्यामधील पूल म्हणून 'कटवाए' हे रूप उपयोगी पडते. जेथे हिंदीत 'वा' येतो तेथे इंग्रजीत 'हॅव' किंवा 'गेट' येण्याचा संभव मोठा, ही खूण विद्यार्थ्याला तक्त्यापेक्षा लवकर पटते.

तथापि, या खुणेलाही मर्यादा आहे. 'ही हॅड हिज सायकल स्टोलन' हे वाक्य रूपाने प्रयोजक असले तरी सामान्यतः अर्थाने तसे नाही. सायकल चोरण्याची व्यवस्था त्याने केलेली नाही, ते संकट त्याच्यावर ओढवले आहे. मराठीत येथे 'त्याची सायकल चोरीला गेली' असेच म्हणावे लागते. 'त्याने सायकल चोरवली' म्हटल्यास बळी पडलेला मनुष्य गुन्हेगार ठरतो. म्हणजे 'हॅव'च्या कर्त्याकडे प्रयोजकत्व आहे की केवळ अनुभव, याचा निर्णय वाक्याच्या रूपावरून नव्हे, तर प्रसंगावरून करावा लागतो.

६. निष्कर्ष

आता आरंभीच्या वाक्याकडे वळता येईल. मोठ्या बांधकामांविषयी इंग्रजीही साधे क्रियापद चालवून घेते. शहाजहानने ताजमहाल 'बिल्ट' असे म्हटल्याने त्याने दगड वाहिले असे कोणी समजत नाही. तेव्हा कोलू पाटलांच्या वाक्यासाठी 'बिल्ट' हेच रूप अधिक विश्वासू ठरते. कारण मराठी वाक्याने जे मोकळे ठेवले आहे ते त्या रूपातही मोकळे राहते. 'दुसऱ्याने केले तर हॅव' हा नियम यांत्रिकपणे लावून 'हॅड बिल्ट' लिहिणारा भाषांतरकार कोलू पाटलांना केवळ आज्ञा देणारा धनी ठरवितो. ज्या समाजाची ओळखच बांध घालण्याच्या कौशल्याने झाली, त्याच्या हातून ते कौशल्य तो नकळत काढून घेतो. याउलट केस, दात, डोळे आणि कपडे यांच्या बाबतीत 'हॅव' टाळल्यास खऱ्या कारागिराचे काम भलत्याच्या नावावर जमा होते.

म्हणून प्रयोजक-कर्मणी रचनेचे अध्यापन रूपांच्या तक्त्यापासून सुरू न करता मराठी वाक्यापासून सुरू करणे इष्ट होय. प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारावेत : करविणारा कोण, करणारा कोण आणि फळ कोणाकडे जाते. यांपैकी कोणते उत्तर मराठीने सांगितले आहे आणि कोणते गृहीत धरले आहे, हे विद्यार्थ्याला उमगले म्हणजे इंग्रजी रूपाची निवड त्याला करता येते. शिवाय मराठी वाक्यात न दिसणारा कर्ता शोधण्याची सवय त्याला लागते. शिलालेखाचे वाचन असो वा गावच्या तळ्याचा इतिहास असो, साहित्याच्या अभ्यासकाला ही सवय व्याकरणाच्या तासाबाहेरही उपयोगी पडणारी आहे.