‘किती जुनं?’ हे शेवटी विचारा

आदिवासी आणि आशियाई कलावस्तू जमवू लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘हे किती वर्षांपूर्वीचं असेल?’ विकणाऱ्यालाही तो ठाऊक असतो, म्हणून उत्तर तयारच असतं. अनेक वर्षं हा नाद केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, की बाजारातल्या नकलांना आणि देवळांतल्या चोऱ्यांना याच प्रश्नाने खतपाणी घातलं. वस्तू कुणी घडवली, कशासाठी घडवली आणि कुणाच्या हातून बाहेर पडली, हे आधी विचारायला हवं.

माझ्या एका स्नेह्यांनी एका दुकानातून पितळेचा घोडेस्वार घेतला. ‘बस्तरचा, दोनशे वर्षांपूर्वीचा, एका घराण्याच्या देवघरातला’ असं त्यांना सांगितलं होतं. किंमतही तशीच लावलेली. त्यांनी तो माझ्याकडे दाखवायला आणला. मूर्तीवर हिरवट थर होता, आणि तो सगळीकडे सारखाच होता. घोड्याच्या पोटाखाली, स्वाराच्या नाकावर, पगडीच्या टोकावर, कुठेच कमी-जास्त नाही. मी ओल्या कापसाचा बोळा फिरवला, तर हिरवा रंग कापसावर उतरला. खाली चकचकीत, कडा टोकदार असलेलं पितळ.

आता जरा आपल्याच देवघराचा विचार करा. आजीच्या हातातले टाक आणि बाळकृष्ण आठवा. चिंच आणि राखेने घासून घासून देवाचं नाक बसतं, डोळ्यांच्या रेषा पुसट होतात, खोलगट जागी तेवढं हळदीकुंकू आणि तेलाची काजळी घट्ट बसते. रोज हाताळलेल्या देवावर हिरवा थर धरायला सवड कुठे मिळणार? तो थर जमिनीत किंवा ओलसर अडगळीत पडून राहिलेल्या धातूवर येतो, नाहीतर मीठ, आम्ल, नवसागर लावून आणता येतो. देवघरातली म्हणून सांगितलेली, पण धारदार नाकाची हिरवी मूर्ती समोर आली, की माझा हात खिशाकडे जात नाही.

मी त्या घोडेस्वाराचे फोटो घेऊन बस्तरमधल्या कोंडागावला गेलो. बस्तरचे घडवा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक दोरे लपेटून नक्षी करतात, वरून मातीचं कवच चढवतात, तापवून मेण काढतात आणि त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओततात. वस्तू काढायला कवच फोडावंच लागतं, म्हणून दोन वस्तू तंतोतंत एकसारख्या निघत नाहीत. एका वयस्क कारागिराने फोटोतल्या लगामाच्या वळणावर बोट ठेवलं आणि हे वळण आपल्याच वस्तीतलं, अलीकडचं काम असल्याचं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. त्याने नवी वस्तू नवी म्हणूनच विकली होती. ‘दोनशे वर्षं’ वाटेत कुणीतरी चिकटवली होती. त्या घोडेस्वारात कसब होतंच. फक्त घडवणाऱ्याचं नाव पुसून त्याच्या कामाचे पैसे दुसऱ्याने खाल्ले, याचा मला आजही राग येतो.

लाकडाच्या बाबतीत डोळे आणखी उघडे ठेवा. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया खरोखरच जुन्या असतात, आणि त्यातून आज कोरलेली मूर्ती प्रयोगशाळेत दिली तर कार्बन चाचणी लाकडाचं वय सांगेल, कोरण्याचं नाही. भिंग घेऊन किड्याची भोकं बघा. किड्याची अळी लाकडाच्या आत बोगदे करते, आणि पृष्ठभागावर फक्त किडा बाहेर पडल्याचं बारीक भोक दिसतं. कोरलेल्या गालावर किंवा हातावर लांबच लांब उघडी पन्हळ दिसली, तर किडा आधी आला आणि छिन्नी नंतर. मातीचा गाभा आत शिल्लक असलेल्या ओतीव मूर्तीला मात्र थर्मोल्युमिनिसन्स चाचणी उपयोगी पडते, कारण ती माती शेवटची कधी तापली याचा अंदाज देते. खर्च मोठा असतो, त्यामुळे तो महागड्या वस्तूसाठीच करावा.

वारली चित्रांबाबत तर प्रयोगशाळेची गरजच नाही. लग्नाचा चौक सवासिनी घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढत. कागदावर आणि कापडावर ही चित्रं येऊ लागली ती 1970 च्या दशकात, आणि जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. तेव्हा ‘शंभर वर्षांपूर्वीचं कापडावरचं वारली चित्र’ कुणी दाखवलं, तर नमस्कार करून उठावं.

नकलेत पैसे बुडतात, चोरीच्या मालात त्याहून वाईट घडतं. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदान गावच्या बृहदीश्वर मंदिरातला चोळकालीन नटराज चोरीला गेला. तो 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने पन्नास लाख डॉलरना विकत घेतला. कागदपत्रं जोडलेली होती, आणि ती बनावट होती. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने देवळात पूर्वी काढलेल्या छायाचित्रांशी मूर्ती जुळली, आणि 2014 मध्ये ती भारतात परत आली. तज्ज्ञ पदरी असलेली संस्था जिथे फसते, तिथे आपण रविवारी दुकानात उभ्या उभ्या काय ओळखणार? मूर्तीच्या पायाशी ताजा तुटलेला कंगोरा, पीठावरून उचकटल्याच्या खुणा, आणि ‘कुठून आली ते विचारू नका’ असं हसून सांगणारा माणूस, यांपैकी एकही दिसलं तरी वस्तू खाली ठेवायची. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाडा या उत्सवातले मुखवटेही घ्यायचे नाहीत. ते अजून नाचवले जातात. गावाच्या उत्सवातला मुखवटा माझ्या भिंतीवर टांगायला माझं मन होत नाही.

कायदाही नीट समजून घ्या. 1972 च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार निदान शंभर वर्षं जुनी मूर्ती, चित्र किंवा कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरते, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं. तिचा व्यापार करायला परवाना लागतो, ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि दगड, धातू, लाकूड यांची शिल्पं, चित्रं अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. म्हणून तोंडाने ‘दीडशे वर्षं’ आणि बिलावर ‘हस्तकलेची वस्तू’ असं जिथे दिसेल, तिथे दोनपैकी एक खोटं आहे. अमेरिकेतल्या भाच्याला भेट पाठवायची असेल आणि वस्तू जुनी दिसत असेल, तर ती पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधीच घ्या. विमानतळावर अडकलेला माल सोडवताना जीव मेटाकुटीला येतो. नागा दागिन्यांतले वाघाचे दात, धनेशाची चोच, हस्तिदंती कडी यांची खरेदी-विक्री तर वन्यजीव कायद्याने बंदच आहे, वस्तू कितीही जुनी असो.

नजर तयार करायची तर आधी पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिवे, अडकित्ते, वज्री बघा. वापराने झिजलेली वस्तू कुठे झिजते, ते तिथे कळतं. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालयही पुण्यातच आहे. मग कोंडागावला जाऊन कारागिराच्या हातून घ्या. मी हल्ली तेच करतो. घडवणाऱ्याचं नाव आणि साल बिलावर लिहून घेतो, वस्तूचे पुढून, मागून आणि तळाचे फोटो काढतो, आणि सगळं एका वहीत नोंदवतो. नोंदणी केलेला पुरावशेष दुसऱ्याच्या नावावर करायचा तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं, तेही त्याच वहीत लिहिलं आहे, आणि वही कुठे ठेवली आहे ते घरच्यांना ठाऊक आहे.