कपाटातली लग्नाची डीव्हीडी: चित्र न बिघडवता मोबाइलवर कशी आणायची?



आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली एखादी सीडी किंवा डीव्हीडी असतेच. कुणाच्या लग्नाची, कुणाच्या लेकराच्या बारशाची, कुणाच्या गटाच्या पहिल्या विक्री-प्रदर्शनाची. ती लावायचा प्लेयर कधीच भंगारात गेला. नवीन लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते. मग ती डिस्क नुसती पडून राहते.

गटाच्या बैठकीला आले की कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, हे मोबाइलवर येईल का हो? थोडं कापून, छोटं करून पोरांना दाखवायचंय." येतं की! पण कसं आणलं यावर सगळं अवलंबून आहे. एका ताईंकडे त्यांच्या वारलेल्या सासऱ्यांचा आवाज फक्त लग्नाच्या डीव्हीडीतच उरला होता. घरच्यांनी टीव्हीवर डीव्हीडी लावून समोरून मोबाइलने शूटिंग करून ठेवलं. त्यात पट्टे फिरतात, चेहरा पुसट दिसतो आणि पंख्याची घरघर जास्त ऐकू येते. सुदैवाने मूळ डिस्क शाबूत होती. ती टाकून दिली असती तर आवाज गेला असता तो गेलाच.

म्हणून या महिन्याचा पाठ एवढाच: आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल, मग त्यातून एकदाच चांगली फाईल, आणि कापाकापी सगळ्यात शेवटी.

एकदाच का?

व्हिडिओची फाईल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलताना कॉम्प्युटर ती दाबून लहान करतो आणि बारीकसारीक तपशील टाकून देतो. दुधात पाणी घातल्यासारखंच हे. एकदा पडलेलं पाणी परत काढता येत नाही. दुकानात एकदा बदललं, मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये दुसऱ्यांदा, व्हॉट्सअ‍ॅपवर तिसऱ्यांदा, की चेहऱ्यावर चौकोन दिसायला लागतात.

दुसरी गोष्ट, डिस्कमध्ये आहे त्यापेक्षा चांगलं चित्र कुठलंच यंत्र आणू शकत नाही. आपल्याकडच्या डीव्हीडीचं पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. त्याआधीच्या व्हीसीडीचं ३५२ बाय २८८, म्हणजे डीव्हीडीच्या पाव हिश्श्याएवढं. दुकानदार "एचडी करून देतो" म्हणाला तर तो तेच ठिपके ताणून मोठे करणार. त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

पहिली पायरी: डिस्क पुसा आणि नक्कल करा

मऊ सुती कापड किंचित ओलं करा. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा वाचताना जास्त त्रास देतो. सीडीवर नाव लिहिलेली बाजू नाजूक असते, कारण माहितीचा थर तिथेच पातळ लेपाखाली असतो. त्यावर बॉलपेनने लिहू नका, चिकटवलेला कागद ओढून काढू नका. घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या डिस्कमधला रंगाचा थर ऊन आणि उष्णतेने फिका पडत जातो. म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली डिस्क आधी घ्या.

लॅपटॉपला डिस्कची जागा नसेल तर यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो. ग्रामसंघात एक असला तरी सगळ्या गटांचं काम भागतं.

डीव्हीडी उघडली की 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर दिसेल. दुसरं 'ऑडिओ टीएस' बहुतेक वेळा रिकामं असतं, घाबरू नका. 'व्हिडिओ टीएस' अख्खं कॉपी करा. आतल्या मोठ्या फाईलींच्या नावाशेवटी 'व्हीओबी' असतं. प्रत्येक फाईल जास्तीत जास्त १ जीबीची असते, कारण एकच लांब कार्यक्रम तुकडे करून ठेवलेला असतो. तुकडा मंगलाष्टकांच्या मधेच तुटतो. म्हणून हे तुकडे एकेक करून एडिटिंगला घेऊ नका.

व्हीसीडी असेल तर 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमधल्या, शेवटी 'डीएटी' असलेल्या फाईली कॉपी करा.

साधी डीव्हीडी ४.७ जीबीची असते, त्यामुळे ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये बारा-तेरा डिस्क सहज मावतात. ही नक्कल दोन ठिकाणी ठेवा आणि तिला हात लावू नका. कॉपी करताना डिस्क अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एका ड्राइव्हला न वाचता येणारी डिस्क दुसरा कधीकधी वाचतो.

दुसरी पायरी: एकदाच, पण चांगली फाईल

यासाठी 'हँडब्रेक' नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते पूर्ण फुकट आहे. कुणी त्याचे पैसे मागितले तर ते खरं नाही असं समजा. त्यात 'व्हिडिओ टीएस' फोल्डर उघडलं की सगळे तुकडे जोडून एक कार्यक्रम दिसतो. मग एवढंच बघा:

१. प्रकार 'एमपी४' ठेवा. तो मोबाइल, टीव्ही, कॉम्प्युटर सगळीकडे चालतो.

२. तयार पर्यायांमधून 'एचक्यू ५७६पी २५' निवडा. आपल्या डीव्हीडीत सेकंदाला २५ चित्रं असतात, त्याला हा जुळतो.

३. दर्जाचा आकडा १८ वर आणा. इथे आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाईल मोठी. आपल्याला पुढे कापाकापी करायची आहे, म्हणून फाईल मोठी झाली तरी चालेल.

४. फिल्टरमध्ये 'डीइंटरलेस' चालू करा. जुन्या कॅमेऱ्यात एक चित्र दोन हप्त्यांत घेतलं जायचं: आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने उरलेल्या ओळी. तेवढ्यात नवरीने हात हलवला की हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. या फिल्टरने त्या जातात. व्हीसीडीत असे दोन हप्ते नसतात, तिथे फिल्टर बंद ठेवा.

५. फ्रेमरेटला 'सेम अ‍ॅज सोर्स' आणि 'कॉन्स्टंट' निवडा. चित्रांचा वेग मागेपुढे होत राहिला तर एडिटिंग करताना ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

६. चित्राची रुंदी ओढून मोठी करू नका. जुन्या लग्नांचं चित्र बरंचसं चौकोनी, म्हणजे ४ ला ३ असतं. मोबाइलभर पसरवलं की सगळे वऱ्हाडी जाडे दिसतात! दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहिली तर राहू द्या.

सगळी डिस्क बदलण्याआधी मधलं दोन मिनिटांचं, भरपूर हालचालीचं दृश्य करून बघा. हळद किंवा वरात उत्तम. रेघा नाहीत, आवाज जुळतोय, चेहरे जाडे नाहीत, हे तपासा आणि मगच पूर्ण कामाला लावा.

तिसरी पायरी: कापाकापी

कॉम्प्युटरवर 'शॉटकट' हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. मोबाइलवर करायचं असेल तर फाईल केबलने किंवा पेनड्राइव्हने न्या. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलीत तर ती पुन्हा दाबली जाते. पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. एडिटिंग झाल्यावर शेवटची फाईल एकदाच काढा.

घरी लॅपटॉप नसेल तर

काम दुकानातच द्यावं लागेल. मग नुसतं "मोबाइलवर टाकून द्या" म्हणू नका. या चार गोष्टी सांगा:

- डिस्कमधलं 'व्हिडिओ टीएस' फोल्डर जसंच्या तसं माझ्या पेनड्राइव्हवर द्या.
- एमपी४ फाईल वेगळी द्या, ५७६ आकाराचीच, डीइंटरलेस करून.
- टीव्हीसमोर कॅमेरा धरून शूटिंग नको.
- मूळ डिस्क परत हवी, आणि तुमच्या कॉम्प्युटरवरची नक्कल माझ्यासमोर पुसा.

शेवटची गोष्ट संकोच न करता सांगा. आपल्या घरातल्या बायका-मुलींचं चित्रण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर राहण्याचं काही कारण नाही.

आणि थोडी सबुरी

लग्नाच्या व्हिडिओत आपण एकट्या नसतो. स्टेटसला किंवा यूट्यूबला टाकण्याआधी त्यातल्या माणसांना विचारा. काही जणींसाठी ते लग्न आनंदाची आठवण नसेलही. स्टुडिओवाल्याने मागे सिनेमाची गाणी भरली असतील तर यूट्यूब आवाज बंद करू शकतं. आणि विकत आणलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीच्या नकला काढून वाटणं कायद्याने गुन्हा आहे. हा पाठ आपल्या घरच्या चित्रणापुरताच.

गटातल्या एखादीला हे काम जमलं, तर गावात त्याला मागणी नक्की आहे. पण ते पापड-लोणच्यासारखं नाही. पापडाचा घाणा बिघडला तर दुसरा लाटता येतो, लोकांची डिस्क दुसरी मिळत नाही. घेताना वहीत नाव-तारीख लिहा, डिस्कची अवस्था त्यांच्यासमोर बघा, आणि "वाचली नाही तर पैसे नाहीत" हे आधीच ठरवा.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या गटात कुणाकुणाकडे अशा डिस्क आहेत? त्यातल्या किती अजून चालतात?

२. ग्रामसंघासाठी एक डीव्हीडी ड्राइव्ह घ्यायचा का? तो कुणाकडे ठेवायचा, भाडं किती घ्यायचं?

३. गटाच्या स्वतःच्या जुन्या प्रशिक्षणाच्या किंवा मेळाव्याच्या डिस्क कुठे आहेत?

पुढच्या बैठकीला येताना एकेक डिस्क घेऊन या, कापडात गुंडाळून. मी लॅपटॉप आणि ड्राइव्ह आणते. पहिली नक्कल आपण सगळ्या मिळून करू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक