टाके घातल्यानंतरचे शिक्षण

खालची अक्कलदाढ हाडात आडवी अडकली आहे, गाल सुजला आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते आणि आपल्या दवाखान्यात येऊन शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ येणार ते शुक्रवारी, अशा वेळी रोग्याने ‘तुम्हीच काढा की, डॉक्टर’ असे म्हटल्यावर ज्याला मोह होत नाही असा सामान्य दंतवैद्य मी तरी पाहिलेला नाही. बीडीएसच्या पदवीने दाढ काढण्याची, किंबहुना हिरडी उघडून आणि हाड कोरून ती काढण्याची मुभा आपल्याला मिळालेली असते; हातोटी मात्र त्या पदवीबरोबर आपोआप येत नाही. इंटर्नशिपच्या वर्षात शस्त्रक्रिया विभागात जो थोडा काळ मिळतो त्यात हलणारे दात पुष्कळ काढून होतात, परंतु अडकलेल्या दाढा बहुधा एमडीएस करणाऱ्यांच्या वाट्याला जातात, आणि त्यात वावगे काही नाही, कारण त्यांनाही शिकायचेच असते. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रत्यक्ष हाताने शस्त्रक्रिया शिकवणारे अल्प मुदतीचे वर्ग निघाले. त्यांची गरज खरी आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा मजकूर कोणा तज्ज्ञाने आपले उत्पन्न राखण्यासाठी लिहिला आहे असा गैरसमज व्हायचा नाही. मी स्वतः तालुक्याच्या गावचा सामान्य दंतवैद्य आहे.

मी प्रथम ज्या वर्गाला गेलो तो एका मोठ्या शहरातल्या उंची हॉटेलात भरला होता. व्याख्याते विद्वान होते, चित्रे सुस्पष्ट होती, भोजन उत्तम होते. आणि पडद्यावर एकामागून एक दाखवलेल्या शस्त्रक्रियांपैकी एकही फसलेली नव्हती, हे त्या वेळी खटकायला हवे होते ते कोणालाच खटकले नाही. दुपारी प्लॅस्टिकचे जबडे आमच्या हाती देण्यात आले. त्या जबड्यांना रक्त नव्हते, जीभ नव्हती, लाळ नव्हती आणि त्यांचे तोंड हवे तेवढे उघडत होते. दुसऱ्या दिवशी एका शिबिरातून निवडून आणलेल्या रोग्यांवर आम्ही हात चालवावा अशी तजवीज होती. एका खुर्चीभोवती आमचा घोळका, शिकवणारे गृहस्थ या खुर्चीवरून त्या खुर्चीकडे धावत असलेले, आणि खुर्चीत शेतमजुरी करणारी एक बाई, जिच्या इंग्रजी संमतीपत्रावर तिचा अंगठा घेतलेला होता. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहाध्यायाने तिची दाढ काढली, टाळ्या झाल्या, छायाचित्र निघाले, टाके घातले गेले. हिला पुढे कोण पाहणार, असे मी विचारले तेव्हा ‘गोळ्या लिहून दिल्या आहेत’ एवढेच उत्तर मिळाले. त्याच सायंकाळी आम्हांला प्रमाणपत्रे वाटण्यात आली.

तिचा खालचा ओठ पुढे बधिरच राहिला, हे त्या सहाध्यायाकडूनच मला कळले. शिबिर भरवणाऱ्यांनी तिला वर्गाच्या चालकांकडे बोट दाखवले, चालकांनी शिबिराकडे, आणि ज्याच्या हाताने ती दाढ निघाली तो तोवर आपल्या गावी परतला होता. शस्त्रक्रियेपूर्वी काढलेला ओपीजी कोणाजवळ आहे याचाही पत्ता लागेना. ओठाला जाणारी नस दुखावणे ही या शस्त्रक्रियेतली मान्य जोखीम आहे, ती निष्णात तज्ज्ञाच्या हातूनही घडते, आणि पुष्कळदा ती बधिरता काही महिन्यांत ओसरते; तेव्हा आपत्ती ओढवली याबद्दल माझी तक्रार नाही. ती ओढवल्यावर त्या बाईने जायचे कोठे, याचा त्या सबंध वर्गात कोणी विचारच केला नव्हता, ही माझी तक्रार आहे. प्रमाणपत्राने जबाबदारीतून सुटका होते या भ्रमात कोणी राहू नये. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. संमती घ्यायची ती रोग्याला आवश्यक ती माहिती देऊन, हे त्याच न्यायालयाने २००८ साली विस्ताराने सांगितले. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर उमटवलेला अंगठा म्हणजे अशी संमती नव्हे, हे सांगायला वकील लागत नाही.

यानंतर मी शिकलो ते एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकांकडे, आठवड्यातील सुट्टीचा दिवस त्यांच्या रुग्णालयात घालवून. त्यांची शिकवण्याची रीत इतकी संथ होती की प्रारंभी ती मला अपमानास्पद वाटे. आधी केवळ रिट्रॅक्टर धरून उभे राहायचे, मग टाके, मग हिरडीचा फ्लॅप उचलणे, आणि हाडाला हात लावायची परवानगी फार उशिरा. मधल्या काळात खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या जबड्यावर सराव करायचा. प्लॅस्टिकहून तो शतपटीने बरा, कारण हाडावरचे आवरण कसे सुटते, घाई केली की फ्लॅप कसा फाटतो आणि सुई आतल्या बाजूने कशी काढावी हे त्यावर यथार्थ कळते. पण त्याच्या मुळांची ठेवण निराळी, त्याला रक्त नाही आणि वेदना नाही, सबब तो हाताला वळण देतो, निर्णयाला देत नाही.

मागचा छेद दाढेच्या सरळ पाठीमागे न्यायचा नाही, गालाकडे वळवायचा, कारण जबड्याचे हाड मागे जाता जाता बाहेर वळते आणि सरळ गेलेली पाती हाडाचा आधार सोडून जिभेच्या नसेच्या प्रदेशात शिरते, हे पुस्तकात वाचलेले वाक्य त्यांनी माझे मनगट धरून मला शिकवले. नेहमीचा एअरोटर त्यांनी हाड कापण्यासाठी वर्ज्य ठरवला होता, कारण त्याची हवा फ्लॅपखाली शिरून गाल फुगतो व बोटाखाली कुरकुरू लागतो. सरळ हँडपीस आणि सलाईनची अखंड धार, हा त्यांचा शिरस्ता.

तथापि त्यांचे खरे शिक्षण टाके घातल्यावर सुरू होई. ज्याने हात चालवला त्यानेच त्या रात्री रोग्याला फोन करायचा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा बोलावून खड्डा पाहायचा, सातव्या दिवशी टाके काढायचे आणि नोंदवहीत लिहायचे: तोंड किती उघडते, ओठ आणि जीभ यांना कापसाचा स्पर्श कळतो की नाही. ‘अहो डॉक्टर, रविवारी दुखलं तर तो फोन कोणाला करणार ते आधी ठरवा, आणि मग ब्लेड उचला,’ असे ते म्हणत. कोरड्या पडलेल्या खड्ड्याची वेदना तिसऱ्या-चौथ्या दिवशी उसळते. जो वर्ग दुसऱ्या दिवशी संपतो त्याला ती कधी दिसतच नाही, आणि आपण उगाच किती हाड कोरले व किती वेळ लावला याचा हिशेब शस्त्रवैद्याला तीच देते. जिभेची बधिरता लवकर नोंदली तर दुरुस्ती करणाऱ्या तज्ज्ञाकडे वेळेत पाठवता येते. ‘येईल हळूहळू’ म्हणत महिने दवडले तर ती संधीही जाते.

आणि मी त्यांच्याकडून सर्वांत अधिक शिकलो ते नकार देणे. ओपीजीत दाढेचे मूळ नसेच्या नळीपाशी काळवंडलेले दिसते, नळीची पांढरी रेघ तुटलेली असते किंवा नळीच मुळाजवळ वळण घेते, तेव्हा ती केस आपली नव्हे; शिवाय जिभेची नस त्या चित्रात दिसतच नाही, याचे स्मरण ठेवावे. वर्षानुवर्षे गुटखा-सुपारी खाल्ल्याने ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही त्याच्या अक्कलदाढेला एकट्याने हात घालू नये. वृद्ध स्त्रियांना ‘कोणती गोळी चालू आहे का’ एवढेच विचारून भागत नाही, कारण हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा शिरेतून दिलेल्या औषधाला त्या औषधात गणत नाहीत. त्या औषधांवर असताना दात काढल्यास क्वचित जबड्याचे हाड उघडे पडून मरू लागते, हे २००३ पासून जगाला ठाऊक आहे.

म्हणून जे तरुण दंतवैद्य मला अशा वर्गांविषयी विचारतात त्यांना मी फी किती, व्याख्याते कोण, सीडीईचे गुण किती हे बाजूला ठेवायला सांगतो. माझा हात कशावर चालणार, एका खुर्चीमागे शिकणारे किती, मी अडकलो तर हातमोजे घालून शेजारी कोण उभे असेल, रोग्याला शिकाऊ हात चालणार आहे हे त्याच्या भाषेत सांगितले आहे काय, आणि फसलेल्या शस्त्रक्रिया तुम्ही दाखवता काय, एवढी खातरजमा पत्राने किंवा फोनने सहज करता येते. पण एवढेही विचारायचा संकोच वाटत असेल तर मागील वर्गातल्या रोग्यांची सातव्या दिवसाची नोंदवही, नावे झाकून का होईना, दाखवा, एवढेच म्हणावे. ती नसेल तर पैसे भरू नका. त्या रकमेत एक चांगला सरळ हँडपीस येतो आणि जवळच्या एखाद्या शल्यचिकित्सकाकडे वर्षभर जाण्यायेण्याचे एसटीचे भाडेही निघते. असे शिकवणारे लोक आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, ते जाहिरात करीत नाहीत, जाऊन विचारा.