आयर्लंडमधील शाकारलेली घरे

'निवारा' हा घटक शिकविताना परदेशातील एखादे घर घ्यावयाचे झाल्यास शिक्षकबंधुभगिनींनी आयर्लंडमधील शाकारलेले घर घ्यावे. भाताच्या पेंढ्याने गोठा शाकारताना ज्यांनी पाहिले आहे, त्या मुलांना ते परके वाटत नाही.

हे घर एका खोलीइतकेच रुंद असते. तेथील अरण्ये पूर्वीच तुटली, लांब तुळया मिळेनात. पुष्कळ ठिकाणी दलदलीत गाडले गेलेले ओकचे जुने लाकूड उकरून काढीत व त्याचेच वासे करीत. पश्चिमेकडे भिंती दगडाच्या. पूर्वेस व आग्नेयेस बहुधा चिखलात पेंढा मिसळून रचलेल्या. वरून चुन्याचा हात.

खरे कसब छपरात आहे. वाशांवर प्रथम गवतासह सोललेल्या मातीचे पट्टे अंथरतात. त्यावर वळचणीपासून आढ्याकडे गव्हाच्या वा ओटच्या काडाचे थर चढवितात आणि हेझल किंवा विलोच्या लवचिक फोका दुमडून ते खिळवितात. अटलांटिकच्या किनाऱ्यावर एवढ्याने भागत नाही. तेथे छपरावरून दोर टाकून ते वळचणीखालील दगडी खुंट्यांना बांधतात. एका शाळेत एका मुलीने मला विचारले, "मग घराला समोरासमोर दोन दारे कशाला?" प्रश्न मार्मिक होता. वाऱ्याकडील दार लावून दुसरे उघडे ठेवता यावे, हे त्याचे एक कारण.

मात्र पांढऱ्याशुभ्र घराचे चित्र दाखवून थांबू नये. १८४१ च्या खानेसुमारीत घरांच्या चार श्रेणी केल्या होत्या. चौथी म्हणजे एका खोलीची मातीची झोपडी. अशा झोपड्या सुमारे ४ लाख ९० हजार होत्या. १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजले, दुष्काळ पडला, सुमारे १० लाख माणसे दगावली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. १८५१ मध्ये त्या श्रेणीच्या १ लाख ३५ हजारांच्या आसपासच झोपड्या उरल्या. हे दोन आकडे फळ्यावर लिहून, झोपड्या कमी झाल्या म्हणजे लोक सुखी झाले काय, असे वर्गास विचारावे. उत्तराची घाई करू नये.

आज अशी छपरे थोडीच उरली आहेत. कापणी-मळणी एकदम करणाऱ्या यंत्रात काड मोडते, ठेंगण्या वाणांचे काड आखूड पडते. त्यामुळे शाकारणाऱ्यास चांगला माल मिळणे कठीण झाले आहे.

पाठानंतर एक प्रयोग करावा. पेंढ्याच्या दोन सारख्या जुड्या घेऊन एक उभ्या उतारावर व एक सपाटशा उतारावर बांधावी, दोहोंवर तांब्या-तांब्या पाणी ओतावे आणि आत किती खोल भिजले ते मुलांनी बोट घालून पाहावे.