भाग बदलला, बिघाड तोच!

जुनी गाडी म्हटली की लोक दोनच गोष्टी सांगतात. एक म्हणजे 'विकून टाका', आणि दुसरी म्हणजे 'काय दणकट गाड्या होत्या त्या!' दोन्ही सांगणाऱ्यांना ती गाडी रोज चालवायची नसते. ज्याला चालवायची असते त्याचा प्रश्न वेगळाच असतो : मागच्या महिन्यात दुरुस्त केलेलं या महिन्यात परत का बिघडलं?

मित्रांनो, हा लेख त्या 'परत का?' वर आहे. आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्येही अशा दोन-तीन वयस्कर गाड्या आहेत (मालकांची नावं सांगत नाही, इंटर्नल मार्क्स त्यांच्याच हातात आहेत!). कॉन्व्हेंटच्या मराठीला गॅरेजच्या मराठीची फोडणी दिली आहे, तेव्हा सांभाळून घ्या. गॅरेजमध्ये अल्टरनेटरला अजून डायनामो म्हणतात आणि स्टार्टर मोटरला सेल्फ. मीही तेच म्हणणार आहे.

आधी मुख्य मुद्दा सांगते. एखादा भाग एकदा गेला तर तो भाग खराब होता असं धरायला हरकत नाही. तोच भाग दुसऱ्यांदा गेला तर संशय घ्यावा. आणि तिसऱ्यांदा गेला तर तो भाग बहुतेक निर्दोष असतो. त्याला मारणारा दुसराच कोणीतरी शेजारी बसलेला असतो.

एक्सलरेटरची केबल आणि दोन बॅटऱ्या

माझे मामा पाचगणीजवळ राहतात. त्यांच्याकडे १९९७ सालची, तीन सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आहे. ही गाडी १९८३ मध्ये बाजारात आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, तरी गावाकडे ती अजून भरपूर दिसते. मामांच्या घरी ती हौसेची वस्तू नाही. आजीचे गुडघे गेलेत, एस.टी.ची पायरी तिला चढवत नाही. दर महिन्याला तिला डॉक्टरांकडे पसरणी घाट उतरून वाईला न्यायचं, तर हीच गाडी.

दीड वर्षात या गाडीला दोन नव्या बॅटऱ्या लागल्या. सेल्फ एकदा उघडून दुरुस्त झाला. एक्सलरेटरची केबल तीनदा बदलली. बिलं बारा हजारांच्या वर गेली. तिसरी केबल तर घाट उतरताना अडकली. पाय काढला तरी इंजिन घुमतच राहिलं. मामांनी क्लच दाबला, ब्रेक धरून ठेवला आणि चावी एकच घर मागे फिरवून इंजिन बंद केलं. (चालत्या गाडीत चावी बाहेर काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. हे वाक्य सगळ्यांनी लक्षात ठेवा.) त्या दिवसापासून घरात एकच विषय, गाडी भंगारात घालायची.

आता बघा, बॅटरी इलेक्ट्रिकल आणि केबल मेकॅनिकल. प्रत्येक वेळी वेगळा मेकॅनिक, वेगळं बिल. दोन्हींचा संबंध असेल असं कोणालाच वाटलं नाही. पण संबंध होता.

अर्थिंग म्हणजे परतीचा रस्ता

गाडीत बॅटरीच्या उणे टोकाला बॉडी जोडलेली असते. म्हणजे प्रत्येक दिव्याचा, मोटरचा करंट वायरने जातो आणि बॉडीतून परत येतो. पण इंजिन बॉडीला सरळ टेकलेलं नसतं. धक्के बसू नयेत म्हणून ते रबरी माउंटिंगवर बसवतात. रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत एक जाड, बऱ्याचदा विणलेली तांब्याची पट्टी असते. सेल्फचा सगळा करंट या पट्टीवाटे परत येतो.

मामांच्या गाडीचं क्लचचं काम झालं तेव्हा गिअरबॉक्स खाली उतरवला होता. परत बसवताना ही पट्टी गंज आणि ऑइलच्या थरावरच आवळली गेली. दिसायला जोडलेली, पण प्रत्यक्षात अर्धीमुर्धीच.

मग करंटने काय केलं? रस्ता बंद असला की आपण गल्लीतून जातो, तसंच. इंजिनपासून बॉडीकडे जाणारी धातूची दुसरी वाट म्हणजे एक्सलरेटरची आणि चोकची केबल! त्या बारीक तारेतून प्रत्येक स्टार्टला सेल्फचा करंट जाऊ लागला. तार तापायची, आतलं अस्तर वितळायचं आणि केबल जाम व्हायची. बिचारी केबल! तिचा दोष काहीच नव्हता.

बॅटरीचंही तसंच. डायनामोसुद्धा इंजिनवरच बसवलेला असतो, त्यामुळे त्याच्याही करंटला तीच खराब वाट. डायनामोजवळ १४.२ व्होल्ट असले तरी बॅटरीपर्यंत पोचत होते जेमतेम १३. लेड-ॲसिड बॅटरी कायम अर्धपोटी राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर जमतो आणि ती अकाली जाते. नवी बॅटरी टाकली की चार महिने मजा, पुन्हा तेच.

ओहम साहेब काय म्हणतात

यातली खरी गंमत आता. एका मेकॅनिकने ती पट्टी मल्टिमीटरने तपासली होती. रेझिस्टन्स जवळजवळ शून्य! म्हणून त्याने तिला पास करून टाकलं. त्याचं मीटर खोटं बोलत नव्हतं, पण प्रश्नच चुकीचा विचारला होता.

हिशोब करू. समजा सेल्फ १०० अँपिअर घेतो आणि जोडात फक्त ०.०१ ओहम रेझिस्टन्स आहे. व्होल्टेज ड्रॉप किती? १०० गुणिले ०.०१, म्हणजे १ व्होल्ट. त्या जोडात उष्णता किती? १०० वॉट! साध्या मल्टिमीटरच्या नुसत्या वायरींचा रेझिस्टन्सच ०.०१ ओहमपेक्षा कितीतरी जास्त असतो, मग त्याला हा दोष दिसणार कसा? शिवाय ओहम मोजताना मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो. पट्टीची एक तार शिल्लक असली तरी ती पास होते.

म्हणून अशा जोडाचा ओहम मोजायचा नाही, काम चालू असताना व्होल्टेज मोजायचं. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या उणे खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावरच), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली आलं तर ठीक. मामांच्या गाडीत १.८ आलं. पट्टी काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत केली, नवा बोल्ट आणि वॉशर टाकून आवळली, वरून ग्रीस लावलं. परत मोजलं तर ०.१. एकूण खर्च चहासकट शंभर रुपयांच्या आत! त्यानंतर वितळलेली केबल शेवटची एकदा बदलली.

बॅटरी रात्रीत उतरते तेव्हा

नवी बॅटरी घेण्याआधी तीन आकडे घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मिळावं.

चार्जिंग बरोबर असून सकाळी बॅटरी उतरलेली असेल तर रात्री कोणीतरी करंट पितंय. सगळं बंद करा, दारं लावा, उणे वायर सोडवा आणि खांब व वायर यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा. (या अवस्थेत सेल्फ मारू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल.) जुन्या साध्या गाडीत ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी यायला हवं. जास्त आलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, चोर त्या सर्किटमध्ये. एकही फ्यूज काढून आकडा पडला नाही तर डायनामोची जाड वायर सोडवून बघा. आतला डायोड गळत असेल तर तो फ्यूजमध्ये सापडत नाही.

डिकीतला ५ वॉटचा दिवा चालू राहिला तर सुमारे ०.४ अँपिअर जातात. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी साडेतीन दिवसांत पूर्ण रिकामी, आणि सेल्फ त्याच्या बराच आधी हात टेकतो. सुट्टीत गावी गेलेल्या गाडीमालकांनी हा हिशोब जरूर करावा.

फ्यूज सारखा जातो

हॉस्टेलवाल्यांना हे सांगायला नको. हीटिंग कॉइल लावली की मजल्यावरचा फ्यूज जातो, मग कोणीतरी हुशार प्राणी जाड तार बांधतो. गाडीत हेच सिगारेटच्या पाकिटाच्या चांदीने करतात. फ्यूज हा वायरचा बॉडीगार्ड आहे. त्याला काढलं की आग वायरमध्ये लागते.

त्याऐवजी फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. शॉर्ट असेपर्यंत बल्ब पूर्ण पेटतो आणि करंट दोन अँपिअरच्या आत राहतो. मग वायरिंग हलवत जा : दाराच्या बिजागरीपाशी, डिकीपाशी, डॅशबोर्डमागे. जिथे हलवल्यावर बल्ब मंदावतो तिथे वायर घासली गेली आहे.

गाडी गरम होते, पण कधी?

'गाडी गरम होते' एवढ्यावर रेडिएटर बदलू नका. कधी होते ते विचारा.

ट्रॅफिकमध्ये तापते, मोकळ्या रस्त्यावर ठीक असते : फॅनकडे बघा. फॅन, त्याचा स्विच, रिले, आणि पुन्हा आपली अर्थिंग! गंजलेल्या अर्थवर फॅन फिरतो, पण दमलेल्या माणसासारखा. डोळ्यांना फिरताना दिसतो म्हणून कोणी संशय घेत नाही.

घाटात किंवा वेगात तापते : पाण्याचा प्रवाह अपुरा. रेडिएटर चोंदलेला, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा पंप गेलेला.

गळती दिसत नाही आणि पाणी कमी होतं : हेड गॅस्केट. थंड इंजिन चालू करून रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे दिसले किंवा ऑइल दुधाळ झालं तर गाडी चालवणं थांबवा.

हेडलाइट लावले की काटा वर चढतो, बंद केले की उतरतो : पाणी तापलेलं नाही. मीटरची अर्थ खराब आहे.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरचं झाकण. ते ०.९ बार दाब धरून ठेवतं तेव्हा पाणी १०० ऐवजी सुमारे ११९ अंशांना उकळतं. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली की ही सवलत संपली. (गरम असताना झाकण कधीही उघडायचं नाही. वाफेने तोंड भाजतं.)

आणि पाणी परत परत कमी होण्याचं चक्र बघा. थोडं गळतं, आपण बोअरचं पाणी ओततो, त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात, इंजिन जास्त तापतं, जुने पाइप फुगतात आणि आणखी गळतं. हे चक्र कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरने तुटतं, थर्मोस्टॅट काढून फेकण्याने नाही. त्याने इंजिन नुसतं थंड राहून पेट्रोल जास्त पितं.

पेट्रोल बदललं, पाइप जुनेच

हा नवा मुद्दा आहे. २०२५ सालात देशात पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत पोचलं. नव्वदच्या दशकातली रबरी पाइपं आणि गॅस्केटं त्यासाठी बनवलेली नव्हती. ती फुगतात, चिरतात. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण लीन होतं, आणि कार्ब्युरेटरला ते कळायला सेन्सर नसतो. मिसिंग, सकाळी स्टार्टिंगला त्रास, वारंवार चोकअप होणारा फिल्टर असं काही असेल तर आधी पेट्रोलचे पाइप इथेनॉलला टिकणारे बसवा. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर 'जुनी गाडी आहे, येणारच' म्हणू नका.

एक वही आणि एक नियम

डॅशबोर्डमध्ये शंभर पानी वही ठेवा. बिघाड झाला की तारीख, किलोमीटर, इंजिन गरम होतं की थंड, पाऊस होता का, काय काय चालू होतं आणि शेवटचं काम कोणतं झालं होतं ते लिहा. मामांच्या वहीत (ती पेट्रोलच्या हिशोबाची होती) क्लचच्या कामाची तारीख सापडली आणि पहिली केबल त्यानंतर पाच आठवड्यांनी गेल्याचं दिसलं. पट्टीपर्यंत पोचलो ते त्यामुळेच.

नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन भाग एकदम बदलले आणि गाडी बरी झाली तर कशाने झाली हे कळत नाही. मग पुढच्या वेळी परत तिन्हींचं बिल.

मग ठेवायची की विकायची?

हा निर्णय भावनेवर नको आणि वैतागावरही नको. फ्लोअर, चॅसिस किंवा सस्पेन्शन जिथे बसतं तो पत्रा कुजला असेल तर निरोप द्यावा. तिथे जिवाशी खेळ आहे. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली आणि २० वर्षांपुढच्या मोटारींसाठी २०२५ मध्ये १०,०००. तेही गणितात धरा. पण सांगाडा धड असेल आणि तक्रार फक्त 'सारखं काहीतरी होतं' एवढीच असेल, तर आधी ते 'काहीतरी' एकच आहे का ते शोधा. मामांच्या गाडीत सहा बिलांमागे एक बोल्ट निघाला. गाडी भंगारात गेली असती तर तो बोल्टही तिच्याबरोबर गेला असता, आणि आजीला वाईला नेण्यासाठी कर्जावर दुसरी गाडी आली असती.

जाता जाता एक गोष्ट. पट्टी साफ झाल्यावर गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी सेल्फ मारून झाल्या झाल्या त्या जोडावर हात ठेवला आणि म्हणाले, "थंड आहे, झालं काम." थर्ड इयरला आपण ज्याला करंटच्या वर्गाने वाढणारा पॉवर लॉस म्हणतो, तो त्यांच्या तळहाताला कळत होता. आपल्याकडे तेवढा अनुभव नाही, पण मल्टिमीटर मेसच्या आठवड्याच्या बिलापेक्षा स्वस्त मिळतो. तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजमध्ये जाऊन 'बॅटरी बदला' म्हणू नका. 'सेल्फ मारताना व्होल्टेज बघूया' म्हणा, आणि मीटर स्वतः धरा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी